३० चौरस किलोमीटर, ५८ माणसं: तेगुआवर लोक राहतात तरी कसे?

नकाशेवेडा
प्रशांत महासागरातल्या व्हानुआतू या देशाच्या पार उत्तर टोकाला, सॉलोमन बेटांची हद्द लागायच्या आधी, टोरेस नावाची बेटांची माळ आहे. उत्तरेकडून मोजत आलो तर हिऊ, मेटोमा, तेगुआ, लिनुआ, लोह आणि टोगा. सगळी मिळूनही हजारभर माणसं नाहीत. त्यातलं तेगुआ साधारण ३० चौरस किलोमीटरचं आणि २००९ च्या जनगणनेत तिथे माणसं ५८. शेजारच्या मेटोमावर १३!

तेगुआचं नाव काहींनी ऐकलं असेल. तिथलं लाटेऊ हे किनाऱ्यावरचं गाव २००२ ते २००४ च्या दरम्यान आत हलवलं गेलं, आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने हे गावकरी बहुधा जगातले पहिले 'हवामान निर्वासित' असं जाहीर केलं. तेव्हापासून कुठेही बुडणाऱ्या बेटांचा विषय निघाला की तेगुआ असतंच.

माझे प्रश्न साधे आहेत. हे लोक दिवसभर करतात काय, खातात काय, हातात पैसा कुठून येतो? आणि एवढ्या मोठ्या बेटावर माणसं इतकी कमी का? बुडतंय म्हणून सोडून गेले का सगळे? कोणी त्या बाजूला गेलं असेल तर सविस्तर लिहा.

चिवडा_पार्सल
वाचनखूण साठवली. ५८ माणसं म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी एका संध्याकाळी गोळा. (हलके घ्या.)

मंजिरी_क
५८ माणसांत लग्नं कशी जुळवतात हा माझा पहिला प्रश्न आहे.

अनघा_ऑकलंड
नवऱ्याच्या नोकरीमुळे काही काळ आमचा मुक्काम लुगानव्हिलला होता. एस्पिरितु सांतो बेटावरचं हे गाव, व्हानुआतूतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथून टोरेसला गेले होते, त्यामुळे थोडं लिहू शकते.

विमान लिनुआला उतरतं. लिनुआ हे लोहला खेटून असलेलं चिमुकलं बेट, धावपट्टीसाठीच असल्यासारखं. पुढचं सगळं होडीने. विमान हवामान आणि पैसे दोन्हींवर चालतं. २०२४ च्या मे महिन्यात एअर व्हानुआतू अवसायनात गेली तेव्हा अशा टोकाच्या बेटांचं काय झालं असेल याची कल्पना करा. माझ्या वेळी परतीच्या विमानाचा निरोप आला की "उद्या, नाहीतर परवा". मी पिशवी भरून बसले होते. सोबतची बाई शांतपणे चटई विणत होती. तिच्या मते विमान दिसलं की निघायचं, त्याआधी कशाला जीव काढायचा?

ही बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेला पोवळ्याचा चुनखडक. किनाऱ्यावरून आत बघितलं की एकावर एक पायऱ्या दिसतात, प्रत्येक पायरी म्हणजे कधीकाळचा समुद्रकिनारा. पाऊस धो धो पडतो, पण चुनखडक पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे प्यायला पावसाचं पाणी, पत्र्यावरून पन्हळीने टाकीत. टाकीच्या तोट्या मुलांच्या हाताला लागू देत नाहीत, यावरून समजा.

दिवस असा: सकाळी लवकर उठून बागेत. बाग म्हणजे जंगलात झाडं तोडून, जाळून केलेली जागा, बहुतेक वेळा चढावर आणि बरीच लांब. कोनफळं, अळकुड्या, केळी, कसावा, रताळी. दोनचार वर्षं पीक घेतलं की ती जागा सोडून देतात, पुन्हा जंगल होऊ देतात. बायका पाठीवर ओझं घेऊन दुपारी परततात. ओहोटीला पोरं आणि बायका पोवळ्यांच्या कड्यावर शिंपले, खेकडे वेचतात. पुरुष मासेमारीला. डुकरं आणि कोंबड्या गावात फिरत असतात, पण डुक्कर रोज खायचं नसतं, ते लग्नाला आणि मोठ्या कार्याला. रविवारी चर्च. तिकडे अँग्लिकन मिशन जुनं आहे, टोरेसमध्ये जवळपास सगळे त्याच चर्चचे.

लग्नांबद्दल: एका बेटाची मुलगी दुसऱ्या बेटावर जाते. सगळी माळ मिळून एकच सोयरिकीचं जाळं आहे, म्हणून "५८ माणसं" हा आकडा थोडा फसवा आहे. दवाखाना, शाळा यांसाठी माणसं सतत होडीने ये-जा करतात.

देवगडकर
अनघाताई, कोनफळं आणि अळकुड्या! म्हणजे आमच्या आजीची परसबाग. तिकडचं कोनफळ आणि आपलं कोनफळ एकच जात आहे, आणि ही जात माणसांनीच होड्यांतून बेटोबेटी नेली. नीरफणस पण असणार.

मला तिकडच्या लापलाप नावाच्या पदार्थाबद्दल सांगा. कुठेतरी वाचलंय, पण करतात कसं ते नीट कळलं नाही.

अनघा_ऑकलंड
नीरफणस भरपूर, निखाऱ्यावर अख्खा भाजतात, वरून काळा कोळसा, आत लुसलुशीत.

लापलाप: कोनफळ किंवा केळी किंवा कसावा किसून लगदा करायचा. किसणी म्हणून काटेरी खोडाचा तुकडा वापरताना पाहिलाय. मोठ्या पानांवर लगदा पसरायचा, वर नारळाचं घट्ट दूध, पालेभाजी, असेल तर मासा किंवा कोंबडी. पानं दुमडून पुडकं बांधायचं. खड्ड्यात दगड लाल होईपर्यंत तापवायचे, पुडकं त्यावर ठेवायचं, वरूनही तापलेले दगड, मग पानांचा ढीग. दोनेक तास. उघडताना जो वास येतो तो अलिबागच्या पोपटीचं मडकं फोडल्यावर येतो तसा, फक्त भांबुर्ड्याऐवजी नारळाचा. चव पहिल्यांदा सपक लागते, मीठमसाला नाही ना. तिसऱ्यांदा मात्र मी मागून घेतला.

चिवडा_पार्सल
मीठमसाला नाही. माझा तेगुआचा विचार इथेच संपला.

देवगडकर
@नकाशेवेडा, पैशाचं उत्तर मी देतो, कारण हा माझा जुना छंद आहे: नारळी खेकडा. जमिनीवर राहणारा जगातला सर्वांत मोठा संधिपाद प्राणी. चार किलोपर्यंत भरतो, पन्नासच्या वर वर्षं जगतो. लहानपणी शंखात राहतो, मोठा झाला की शंख टाकून देतो. जन्मतो समुद्रात, पण मोठेपणी पाण्यात टाकलात तर बुडून मरेल. नांगीत इतकी ताकद की नारळ सोलून फोडतो. टोरेस बेटं या खेकड्यासाठी सगळ्या व्हानुआतूत प्रसिद्ध आहेत, तिथून जिवंत खेकडे लुगानव्हिल आणि राजधानी पोर्ट व्हिलाच्या हॉटेलांत जातात.

आपल्याकडे अंदमान-निकोबारात आहे, पण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. बघायचा, हात लावायचा नाही.

अनघा_ऑकलंड
पकडताना पाहिलंय. दिवसा नारळ फोडून खोबऱ्याकडची बाजू उघडी ठेवून जागोजागी बांधून येतात, मुळाला नाहीतर खुंटीला. रात्री टॉर्च घेऊन फेरी. खेकडा आमिषावर चिकटून बसलेला असतो, प्रकाश पडला तरी लवकर सोडत नाही. मागून, पाठीच्या कवचाला धरून उचलायचा, आणि लगेच नांग्या अंगाशी वेलीने आवळून टाकायच्या. आमच्या बरोबरच्या पोराने बोट न लावता नुसत्या काठीने त्याला उलटं केलं. रंग निळा-जांभळा, टॉर्चच्या उजेडात लोखंडासारखा. मग ते पुडकं घरात टांगून ठेवायचं, खोबरं घालत राहायचं, बोट किंवा विमान येईपर्यंत.

विमान आलं नाही की खेकडा वजनाने उतरतो. पैसे वजनावर.

दुसरा पैसा खोबऱ्याचा. नारळ फोडून, सुकवून, पोती भरून ठेवायची आणि माल नेणाऱ्या बोटीची वाट बघायची. धक्का नाही. पोती खांद्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून छोट्या होडीत, होडीतून बोटीत. लाट चुकली की पोतं भिजलं, भाव पडला.

विदुला_एस
पण पन्नास वर्षं जगणारा प्राणी हॉटेलांत जातोय हे फार दिवस टिकणारं नाही.

देवगडकर
बरोबर. म्हणूनच अंडी धरलेली मादी आणि ठरावीक मापाखालचा खेकडा पकडायला बंदी आहे, शिवाय गावचे प्रमुख अधूनमधून एखादा पट्टा 'ताबू' करतात, म्हणजे तिथे ठरलेल्या काळात कोणीही काही पकडायचं नाही. कागदावरच्या नियमापेक्षा हा जास्त पाळला जातो.

प्लेट_सरकली
भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून बुडण्याच्या प्रश्नावर लिहितो. लांबेल, आधीच माफी.

टोरेस बेटं खोल समुद्री खंदकाच्या अगदी काठावर आहेत. पश्चिमेकडून ऑस्ट्रेलियाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, त्यांच्याखाली घुसते आहे. दोन प्लेटा एकमेकींना घासून अडकून बसल्या की वरचा काठ हळूहळू खाली ओढला जातो. भूकंपात अडकलेलं सुटतं. कुठे सुटलं त्यावर बेट एकदम उचललं जातं की आणखी खाली बसतं हे ठरतं. हजारो वर्षांचा हिशेब केला तर बेटं वर आली आहेत, अनघाताईंनी सांगितलेल्या चुनखडकाच्या पायऱ्या त्याचाच पुरावा. पण माणसाच्या एका आयुष्यात ती खाली जात असू शकतात.

२०११ मध्ये एका फ्रेंच गटाने जीपीएसने मोजून दाखवलं. १९९७ ते २००९ या काळात समुद्र खरोखर १५० मिलिमीटर चढला, वीस इकडे किंवा तिकडे. त्याच काळात जमीन ११७ मिलिमीटर खचली, तीस इकडे किंवा तिकडे. लाटेऊच्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. त्याच्या अंगणात पाणी वीतभराहून जास्त वर आलं, एवढंच. आणि या काळाच्या आधी १९९७ साली आणि नंतर २००९ साली मोठे भूकंप झाले, त्यांनी जमीन एका फटक्यात काही शे मिलिमीटर हलवली. म्हणजे बारा वर्षांत समुद्राने जे केलं नाही ते भूकंपाने मिनिटात केलं.

तेव्हा "समुद्र चढला म्हणून गाव हलवलं" हे अर्धं खरं आहे.

वसुंधरा_जो
हे असं लिहिलं की लगेच लोक म्हणतात, बघा, हवामानबदल वगैरे सगळं थोतांड. तुम्ही शिकवता म्हणता, तर जबाबदारीने लिहा. १५० मिलिमीटर समुद्र चढला हे तुमच्याच प्रतिसादात आहे!

प्लेट_सरकली
वसुंधराताई, थोतांड हा शब्द मी वापरलेला नाही. उलट १५० हा ११७ पेक्षा मोठाच आहे. पण बारा वर्षांत १५० म्हणजे वर्षाला १२ मिलिमीटरच्या वर, आणि त्या काळात जगाची सरासरी साधारण ३ होती. पश्चिम प्रशांतात त्या वर्षांत व्यापारी वारे जोरात होते, त्यांनी पाणी त्या बाजूला ढकललं. म्हणजे तेगुआच्या पाण्यात तापलेल्या पृथ्वीचा वाटा आहे, वाऱ्याचा आहे आणि खचणाऱ्या जमिनीचाही आहे. गावाने कुठे घरं बांधायची हे ठरवताना तिन्ही मोजायला हवेत. नुसतं हवामानाचं लेबल लावलं आणि उद्या बेट भूकंपाने वर उचललं गेलं, तर काय सांगाल, हवामान सुधारलं?

वसुंधरा_जो
बरं. पण बाधित होणाऱ्याने प्रदूषण केलेलं नाही हा मुद्दा राहतोच. आणि हे नुसतं भावनिक म्हणणं नाही. याच छोट्या व्हानुआतूने पुढाकार घेऊन २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव करून घेतला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते.

प्लेट_सरकली
त्यावर अजिबात वाद नाही. +१.

मंजिरी_क
मला एक कळलं नाही. गाव हलवलं म्हणजे लोक बेट सोडून गेले का?

अनघा_ऑकलंड
नाही हो! हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'निर्वासित' म्हटलं की डोळ्यांपुढे बोटीत बसलेली माणसं येतात. लाटेऊवाले काही शे मीटर आत, उंचावर, लिराक नावाच्या जागी गेले. घरं बांबूची, पानांच्या छपराची, ती नवीन बांधणं हे त्यांच्या हातचं काम. अवघड होतं ते पाणी, आणि तिथे पावसाच्या पाण्याच्या टाक्या बसवून दिल्या म्हणून जाणं जमलं. देशाच्या घटनेतच आहे की सगळी जमीन स्थानिक वंशपरंपरेच्या मालकांची, १९८० च्या स्वातंत्र्यापासून. आत जायला कोणाकडून प्लॉट विकत घ्यायचा नव्हता. आपल्याकडे धरणग्रस्तांना विचारा, यातलं काय मिळतं ते.

खलाशी_निवृत्त
अवांतर, पण राहवत नाही. टोरेसच्या उत्तरेला व्हानिकोरो आणि तिकोपिया ही बेटं आहेत, आता सॉलोमनच्या हद्दीत. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ याची दोन जहाजं १७८८ साली त्या भागात नाहीशी झाली आणि चाळीस वर्षं फ्रान्सला पत्ता लागला नाही. छडा कसा लागला? १८१३ साली पीटर डिलन नावाच्या आयरिश माणसाने तिकोपियावर एक प्रशियन, त्याची फिजियन बायको आणि एक हिंदुस्थानी लष्कर, म्हणजे खलाशी, उतरवले होते. १८२६ साली डिलन परत तिथून जात असताना त्या लष्कराजवळ तलवारीच्या मुठीचा चांदीचा तुकडा निघाला. चौकशी केली तर असल्या वस्तू व्हानिकोरोहून येतात असं कळलं. डिलन कलकत्त्याला गेला, कंपनी सरकारकडून 'रिसर्च' हे जहाज मिळवलं आणि १८२७ साली व्हानिकोरोवर ला पेरूझच्या जहाजांचे अवशेष शोधून काढले. आपला खलाशी मात्र तेव्हा तिकोपियातच रमला होता.

चिवडा_पार्सल
नक्की मालवणचा असणार. बेट, नारळ, मासे, वर कोणी साहेब नाही. परत येईल कशाला?

देवगडकर
मालवणचा असता तर चांदीची मूठ दिली नसती.

खलाशी_निवृत्त
हाहा. कोकणातले लष्कर पुष्कळ होते हे खरं, पण हा तिथला होता असं म्हणायला आधार नाही. कलकत्त्याच्या बाजूचा असण्याचीच शक्यता जास्त.

नकाशेवेडा
धागा मस्त रंगलाय. पण माझा मूळ प्रश्न राहिला: माणसं इतकी कमी का? ३० चौरस किलोमीटर, कोनफळं पिकतात, मासे आहेत, पाऊस आहे. प्लेटांनी पाणी चढवलं ते आत्ताचं. आधी काय झालं होतं?

जुनी_पानं
आधी जास्त माणसं होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८६३ ते १९०४ या काळात मेलानेशियातून, म्हणजे व्हानुआतू, सॉलोमन वगैरे बेटांच्या भागातून, सुमारे ६२ हजार माणसं तिकडे नेली गेली. काही करार करून, काही फसवून, काही सरळ पळवून. मजूर गोळा करणारी जहाजं टोरेस आणि शेजारच्या बँक्स बेटांवरही हिंडली. नेले जाणारे बहुतेक तरुण पुरुष. लहान बेटावरून वीस तरुण गेले की पुढची पिढीच अर्धी झाली.

जे राहिले त्यांना आजारांनी गाठलं. गोवर, आमांश, इन्फ्लुएन्झा. बाहेरच्या जहाजांनी आणलेले, अंगात प्रतिकारशक्ती नाही. काही परत आलेल्या मजुरांनीही नकळत आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोरेसची लोकसंख्या इतकी उतरली होती की माणसंच संपतात की काय अशी मिशनऱ्यांना धास्ती होती. त्यानंतर हळूहळू वाढली.

म्हणजे तेगुआ रिकामं दिसतं ते समुद्रामुळे नाही. जंगलात फिरलात तर सोडलेल्या वस्त्यांच्या खुणा आत, उंचावर सापडतात. मिशन आणि व्यापारी जहाजं आली तशी माणसं किनाऱ्यावर एकत्र आली, होड्या लागतील अशा जागी. लाटेऊसारखं गाव अगदी पाण्याला लागून का होतं, त्याचं एक कारण हे.

प्लेट_सरकली
हे फार महत्त्वाचं आहे. म्हणजे आत जाणं हे एका अर्थी जुन्याच जागेकडे जाणं झालं.

जुनी_पानं
ढोबळपणे हो. पण चर्च, शाळा, होडी सगळं खाली, त्यामुळे उलट फिरणं तितकं सोपंही नाही.

विदुला_एस
भाषेचं काय? एवढ्या कमी माणसांत भाषा टिकते?

जुनी_पानं
टिकली आहे. हिऊवर हिऊ, बाकी बेटांवर लो-तोगा. पहिलीचे बोलणारे तीनशेच्या आत, दुसरीचे सहाशेच्या आसपास. व्हानुआतूत मिळून १३८ भाषा मोजल्या गेल्यात. घरी आपली भाषा, शेजारच्या बेटाशी गरजेपुरती त्यांची, आणि बाजारात, रेडिओवर, सरकारी कामात बिस्लामा, ही देशभरची सामाईक भाषा.

अनघा_ऑकलंड
तिथे डावं-उजवं कोणी म्हणत नाही, समुद्राकडचं आणि डोंगराकडचं म्हणतात. जेवताना "तुझ्या समुद्राकडच्या गालाला लापलाप लागलंय" असं मला सांगितलं आणि मी दुसराच गाल पुसला, सगळे हसले.

मंजिरी_क
अनघाताई, खरं सांगा, कायमचं राहिला असतात का तिथे?

अनघा_ऑकलंड
नाही. ऐकायला छान वाटतं, पण बाळंतपण अडलं तर काय? होडी, मग विमान असेल तर विमान, मग लुगानव्हिलचं रुग्णालय. मी तिथे असताना एका मुलाच्या पायाला पोवळं कापलं, जखम चिघळली, आणि ज्या दवाखान्यात नेलं तिथे हवं ते औषधच नव्हतं. होडीच्या पेट्रोलचा खर्च खेकड्यांच्या पैशातून. तिथले तरुणही शिकायला सांतोला जातात ते सगळेच परत येत नाहीत.

देवगडकर
म्हणजे कोकणच. फक्त एसटी नाही.

चिवडा_पार्सल
ताई, कावा प्यायलात की नाही? ती गोष्ट सोयीस्करपणे राहिली.

अनघा_ऑकलंड
प्यायले. नागवेल आणि मिरीच्या कुळातलं झुडूप, त्याचं मूळ ठेचून पाण्यात पिळायचं. संध्याकाळी 'नाकामाल'मध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या जागी. गावात बायकांना सहसा बोलावत नाहीत, शहरात चालतं. मी शहरात प्यायले. चिखल चाटल्यासारखी चव, जीभ बधिर, आणि मग कोणाशी भांडायची इच्छाच राहत नाही. दारूच्या अड्ड्यासारखा आरडाओरडा नाही, सगळे हळू आवाजात.

वसुंधरा_जो
आपल्या या धाग्यावर दोन टोपल्या पाठवा.

नकाशेवेडा
@अनघा_ऑकलंड, लापलापसाठी पानं कुठली वापरतात ते लिहा ना. हळदीची चालतील का? रविवारी गच्चीवर प्रयोग करायचा विचार आहे.

देवगडकर
हळदीच्या पानाचा वास चढेल. केळीचं घे, आधी विस्तवावर शेकून मऊ कर, नाहीतर दुमडताना फाटेल. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचार.